सात वाजताचा दिवा

“तुम्ही रोज माझ्याकडेच का बघता?” हे समोरच्या पाहुण्यांना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी माझ्याशी पैजच मारली होती.

शेजारचे सगुणकाका पणजीला राहायला गेले आणि गोव्यातल्या चोपडे गावातलं आमच्या समोरचं घर पर्यटकांना दोन-दोन दिवसांच्या भाड्याने देऊ लागले. तिथली माणसं सारखी बदलतात. पण कोणीही आलेलं असो, सात वाजता मी तुळशीत दिवा लावायला बाहेर पडले की सगळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसलेली! कालचे आज नसतात, मग आजच्यांना माझी वेळ कळते कशी? ह्या विचारातच हातातली काडी विझून जायची.

काल दुपारी शाळेतून येताना मी उसनं अवसान आणून विचारलंच. एका चष्मेवाल्या अंकलनी हसत मोबाईल पुढे केला. सगुणकाकांच्या घराची जाहिरात होती. गाडी लावायला जागा, चोवीस तास पाणी, नदी पाच मिनिटांवर. आणि त्याखाली माझा पाठमोरा फोटो, वेणीसकट! ‘समोरची मुलगी रोज सात वाजता दिवा लावते. अवश्य पाहा.’

“बेटा, आज साडेसहाला लावशील? आम्हाला विमान गाठायचंय,” अंकल म्हणाले.

मी धावत घरात शिरले आणि आतून कडी घातली.

“काय झालां गो बाय?” आईने विचारलं. बाबाही उठून उभे राहिले.


मी जाहिरातीचं सगळं सांगून टाकलं आणि वर जाहीर केलं, “ठरलं! आजपासून दिवा बाबा लावणार, बनियनवर. आणि बघणाऱ्यांचे फोटो मी काढणार!”