गव्हर्नरची रोजची पत्रं

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता, मांस वर्ज्य. चर्चच्या तळघरात मी आणि माझी मैत्रीण आर्लीन जेवणासाठी मासे तळत होतो. माझ्या फोनवर ईमेल आल्याचा आवाज झाला आणि आर्लीनने तो उचलून वाचलाच.

"बाई गं, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला गव्हर्नर! ऐक, 'मार्लिस, बरेच दिवस तुमच्याकडून काहीच कळलं नाही. पाच डॉलर तरी पाठवा.' आजची ही चौथी ईमेल! आणि मंगळवारी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तू मत देणार दुसऱ्याच उमेदवाराला."

"असू दे गं."

"असू दे काय? थांब, यादीतून तुझं नावच काढते. एक बटण दाबलं की झालं."

मी पिठाच्या हातांनीच फोन ओढून घेतला.

"मार्लिस, त्या टकल्यात जीव गुंतला की काय तुझा?"

मी नुसती हसले. त्याला मत द्यायला माझं मन धजत नाही. पण तो हरून घरी बसू नये म्हणून रोज पहाटेच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेते.

 

त्याची ही पत्रं त्याच्या प्रचारकचेरीत बसून माझी लेक कोरीन लिहिते. आईला लिहायचं तिने सोडलं, त्याला चार वर्षं झाली.