मागची जागा

ठमीने उजवा बूट काढून खिडकीच्या फटीतून रस्त्यावर सोडून दिला, तेव्हा निघून जेमतेम दीड तास झाला होता. अजून साडेपाच तास जायचे होते.

"बूट गेला," आई मागच्या सीटवरून म्हणाली.

"कुठला?"

"उजवा. थांबू नकोस. ट्रकखाली गेला तो."

बाबाने काच वर केली. गाडीत आवाज चढवायचा नाही, हा नियम दोघांनी मिळून केला होता, आणि आजवर दोघांनी मिळून केलेल्या नियमांपैकी तेवढा एकच टिकला होता. घरात ज्यांचं सहा मिनिटं पटत नसे, ती माणसं गाडीत सात-सात तास एकमेकांना पाणी हवं का म्हणून विचारत. पोरासाठी माणूस काय काय करतो.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हीच वाट. अडीच वर्षांच्या पोरीला सात तास खुर्चीत पट्ट्याने बांधून ठेवणं म्हणजे काही खायचं काम नाही. अगदी पहिल्यांदा बाबाने एकट्याने नेऊन पाहिलं होतं. ठमीने असा भोंगा लावला की तासाभरात ती ओकली, आणि बाबाला तिथूनच गाडी मागे फिरवावी लागली. त्या दिवसापासून ठमीच्या शेजारची मागची जागा आईची.

जागा कसली, शिक्षाच ती. बिस्किटं द्यायची तर एकेक, तीही अर्धी मोडून, म्हणजे पुडा पुरतो. ट्रक मोजायचे, ठमीला तीनपर्यंतच येत होतं, म्हणून चौथ्या ट्रकला पुन्हा एक. कपडे वाळत घालायचे चिमटे तिच्या फ्रॉकला लावायचे, तिने काढायचे, पुन्हा लावायचे. सगळे खेळ संपले की मग आईचं नाक. ते दाबलं की हॉर्न वाजे. दुपारपर्यंत ते लाल झालं होतं, मान अवघडली होती आणि आवाज बसला होता.

दीड वाजता ते एका पेट्रोल पंपावर जेवायला थांबले. बाबाने डब्यातले वाफवलेले मटार चमच्यात घेऊन ठमीपुढे धरले. ठमीने तोंड फिरवलं.

"मटार खात नाही ती आता," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस."

बाबाने मटार स्वतःच खाऊन टाकले. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "इथून तू पुढे बसतेस का?"

"रडेल ती."

"थोडं रडू दे. तू तरी किती दिवस अशी मागे बसणार? कधीतरी सवय लावायलाच हवी ना?"

"आजच कशाला?"

"तुझी पाठ बघ. सरळ उभं राहता येत नाहीये तुला."

हे खोटं नव्हतं. आईचा जीव मेटाकुटीला आला होता. दर महिन्याला घरी पोचल्यावर दोन दिवस ती अंग धरून बसे. पण मागची ती वीतभर जागा तिची होती, आणि ती तिला सोडायची नव्हती. तसं मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. ती पुढे जाऊन बसली.

दहा मिनिटं बरी गेली.

"आई, इथे," ठमी म्हणाली.

"इथेच आहे मी, राणी."

"नाही. इथे." आणि तिने शेजारच्या रिकाम्या सीटवर थाप मारली.

आईने डोक्यावरचा आरसा खाली ओढला. ठमीचा खालचा ओठ बाहेर आला होता. आता पुढचं आईला पाठ होतं. नुसती मान वळवून तोंड दाखवलं, तरी पोरीचा बांध फुटला असता. मग गाडी थांबली असती आणि आई पुन्हा मागे गेली असती. बाबाचं लक्ष रस्त्यावर होतं. त्याला कळलंही नसतं.

पण ठमी एकदा रडायला लागली की श्वास अडकेपर्यंत रडे.

आईने मान वळवली नाही. "ठमे," ती समोर बघत म्हणाली, "तुझ्या डाव्या बुटाला विचार बरं, भूक लागली का त्याला?"

मागे खुडबुड. मग पायातून बूट ओढल्याचा आवाज. मग ठमीचा अगदी मोठ्या माणसासारखा प्रश्न: "काय रे, भूक लागली?"

बुटाला भूक लागली होती. त्याला बिस्किट भरवावं लागलं. तो सांडत होता, म्हणून त्याला दोन धपाटे मिळाले. मग त्याला थोपटून झोपवणं आलं. त्याला झोपवता झोपवता ठमीच झोपली.

"बघितलंस?" बाबा हळू आवाजात म्हणाला. "आपण उगाच घाबरत होतो."

"हो," आई म्हणाली.

आता खरं तर पाठ टेकून तिनेही डोळे मिटायला हरकत नव्हती. पण तिला झोप येईना. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ती मनातल्या मनात ट्रक मोजत राहिली. तिला रडू येत होतं, आणि ते फार वेडेपणाचं वाटत होतं.

साडेचार वाजता ते पोचले. बाबाने झोपलेल्या ठमीला खांद्यावर घेतलं, आईने तिची बॅग घेतली. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून बाबाने बेल वाजवली.

दार एका तरुण बाईने उघडलं. "झोपली वाटतं," म्हणत तिने ठमीला सराईतपणे आपल्या खांद्यावर घेतलं.

"शेवटचे अडीच तास मागे एकटीच बसली," बाबा तिला म्हणाला. "एकदाही रडली नाही."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. मग ती आईकडे वळली. "मग पुढच्या महिन्यापासून तुम्हाला ही दगदग नको, ताई. हे आणि मी, आम्ही दोघंच येऊन हिला घेऊन येत जाऊ. तुमची परतीची बस सहाची आहे ना? या आत, चहा घेऊन निघा."