धुतलेला सदरा

ऋजुताने बरणीचं झाकण उघडून नाक आत घातलं. याआधीची स्थळं तिच्या नाकानेच नाकारली होती. पत्रिका आता कुणी बघत नसे. मुलाने दोन रात्री अंगात घातलेला सदरा बरणीतून यायचा. त्याचा वास मुलीला आवडला, की जनुकं एकमेकांना पूरक, लग्न पक्कं.

या बरणीत मात्र साबण, ऊन आणि इस्त्री, एवढंच होतं.

"हा धुतलाय," ती म्हणाली.

विवाह मंडळाच्या बाई चपापल्या. सदरा ज्याचा, तो निहार समोरच बसला होता; शेजारी बसलेली त्याची आई कावरीबावरी झाली. "मळका सदरा लोकांच्या घरी कसा पाठवायचा हो? माझ्याच्याने नाही झालं!"

निहार कानापर्यंत लाल झाला, पण आईवर चिडला नाही. हसून त्याने आपला पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. ऋजुता ते बघत राहिली.

"चाचणी रद्द. पुढच्या आठवड्यात दुसरा सदरा आणा," बाई म्हणाल्या.

"कशाला? अंगात आहे की एक!" ऋजुताने खुर्ची निहारच्या अगदी जवळ ओढली.

"अगं, तोही सकाळीच धुतलेला घातलाय!" आई कळवळली.

"असू दे हो, काकू," ऋजुता म्हणाली. "मी थांबते. घाम फुटायला लागलाय त्याला."