भार हलतोय

“आय वॉज चॉपिंग ओनियन,” ओट्यापाशी उभी राहून ती मोठ्यांदा म्हणाली आणि चिरलेला कांदा तापल्या तेलात सोडला.

पॅसेजमधून सपाता घासत येत होत्या, त्या थांबल्या.

“मग आता काय करतेयस?” तिच्या नवऱ्याने तिथूनच विचारलं.

“ते आत्ता नाही सांगायचं. काम उरकलं की मग सांगायचं, असं बाईंनी बजावलंय. या आठवड्यात सगळं ‘वॉज’ लावून.”

“आणि ते ‘ॲम’ कुठे गेलं?”

“ते झालं शिकून. जन्मभर एकाच इयत्तेत बसू का?”

“बस की. इंग्रजी साहेबांच्या तोंडी शोभतं. तू म्हणालीस की कांद्यालाच रडू येतं.”

ती हसली. सुनेला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं, आणि ‘हॅलो, फाइन’ झालं की फोन मुलाकडे द्यायला सांगायचा तिला कंटाळा आला होता. वरच्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची शिकवायची रीत एकच, हात करतील ते तोंडाने सांगायचं. त्यामुळे घरभर ‘आय ॲम स्वीपिंग’, ‘आय ॲम बॉइलिंग मिल्क’ चाललेलं असे. मागच्या रविवारी ती फोनवर ‘आय ॲम सिटिंग’ म्हणाली. सून म्हणाली, ‘आय ॲम ऑल्सो सिटिंग.’ मग दोघी किती वेळ नुसत्या हसत होत्या.

तिने कढईखालचा गॅस बारीक केला. शेजारी पाणी खळखळत होतं. पातेलं सांडशीत धरून ती सिंककडे वळली, आणि समोर ते उभे. एका हातात रिकामा कप, दुसरा हात भिंत चाचपत होता. ती कशीबशी मागे सरली. पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं.

“अहो! भाजलं असतं ना! आवाज द्यायला काय होतं?”

“आवाज तू द्यायचास. मला खालचं काय दिसतंय?”

त्यांचा जन्म गोदीतल्या क्रेनवर गेला होता. डोळे जाऊन फार दिवस झाले नव्हते.

“खालच्या माणसाने ओरडून सांगायचं असतं, भार हलतोय, भार डावीकडे जातोय,” ते म्हणाले. “‘भार हलत होता’ असं सांगणारा शहाणा मला भेटला असता ना, तर पहिल्याच दिवशी कोणाचा तरी पाय गेला असता.”

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. तिची नजर त्यांच्या हातातल्या कपावर गेली. डोळे गेल्यावर एकदा कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटलं, तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीतून उठत नव्हते. चहा तिथेच द्यायचा, कप तिथूनच आणायचा. पण हल्ली दुपारचा कप सिंकमध्येच असायचा. आपणच आणून ठेवला असेल, असं धरून ती तो रोज विसळत होती.

“तुम्ही रोज येत होतात इथवर?”

“तुझी बडबड चालू असली की येत होतो. तू कुठे आहेस, हातात काय आहे, सगळं कळायचं. आज म्हणालीस, कांदा चिरत होते. होतीस! आता कुठे आहेस ते मी कसं ओळखू?”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर हात धरायला धावली असतीस.”

तिने कढईखालचा गॅस बंद केला.

“असू दे. शीक तू तुझं,” ते म्हणाले. “सुनेशी बोलायला हवंच. मी बसतो खुर्चीत.” त्यांनी कप तिच्या दिशेने पुढे केला.

तिने कप घेतला नाही. फडकं ओढलं आणि खाली बसली.

“आय ॲम वाइपिंग वॉटर,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “नीअर युवर लेग.”

“बाई रागावतील.”

“रागावू देत. नापास झाले म्हणून सांगेन.”

फरशी कोरडी झाली. ती उठली, दोन पावलं बाजूला झाली. “आय ॲम स्टँडिंग. नीअर सिंक.”

त्यांनी पुढे केलेला कप मागे घेतला. मग घसा खाकरला.

“आय ॲम कमिंग,” ते म्हणाले आणि भिंतीवरचा हात काढला.

कप हळूहळू जवळ येत होता. तिने आपले ओले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.