पाचवं वळण

घाटातल्या पाचव्या वळणावर आईची घंटी वाजलीच नाही.

"प्रत्येक वळणावर वाजव, म्हणजे मला कळेल तू येतेयस," असं चढावर पुढे सुसाट निघताना मीच तोऱ्यात बजावलं होतं. सायकल वळवली आणि दोन्ही ब्रेक आवळत उतारावर सुटले.

वळण रिकामं होतं. कठड्याचे दोन दगड निखळलेले. "आईऽऽ!" मी दरीत वाकून ओरडले. उत्तर माझ्याच आवाजाचं आलं. सायकल टाकून मी कठड्याशी रडत बसले.

ट्रिंग ट्रिंग!

वरून! सातव्या वळणावर आई उभी होती, खांद्यावर सायकल घेऊन.

"अगं, चौथ्या वळणावरून पायवाट सरळ वर येते. लहानपणी याच वाटेने शाळेला जायचे मी. एवढी घोडी झालीस, रडतेस काय? चढ परत!"

सहाव्या वळणावर मी घंटी वाजवली. वरून लगेच उत्तर आलं.