कपावरची बशी

चहाच्या कंपनीनं एजंट दुकानदारांचं सल्लागार मंडळ नेमायला तुळजापुरात बैठक बोलावली. मंडळ व्हावं, ही आमच्या ह्यांचीच जुनी इच्छा. ते बद्रीनाथाला गेले ते परतलेच नाहीत. ते घरी येईपर्यंत चहा पिणार नाही, असं मी देवीला बोलले. ईट गावातलं आमचं दुकान मात्र चालवते. नळदुर्गचे दुकानदार रसूलभाई म्हणाले, "ईटच्या वहिनींना घ्या." "मग बैठकीत हळदीकुंकू ठेवा," कुणीतरी हसलं. "ठेवू की तुमच्या दुकानात, गिऱ्हाइकावाचून रिकामंच हाय!" रसूलभाईंनी सुनावलं. कंपनीच्या साहेबांनी नव्या चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. "सदस्याला चव सांगावीच लागेल." वाफेबरोबर चुलीपुढं बशीत फुंकर घालणारे हे आठवले. हात आपसूक पुढं गेला. "घ्या वहिनी. कुठवर वाट बघायची?" रसूलभाई हळूच म्हणाले. "जागा दुसऱ्याला द्या," मी म्हणाले आणि कपावर बशी झाकली, घरच्या माणसाला उशीर झाला की झाकतात तशी.