दाढदुखी

शकुंतलाबाईंनी जेवण सोडलं, तेव्हा प्रभाकररावांना वाटलं, विस्मरणाचा आजारच वाढला असणार. घास जवळ नेला की त्या हात झटकायच्या. दात घासू देणं तर त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. रोजच्या झटापटीला कंटाळून प्रभाकररावांनीही ब्रश कपाटात ठेवून दिला होता.

एका सकाळी शकुंतलाबाईंचा गाल सुजलेला दिसला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. "दाढ पार किडलीय, मुळाशी पू झालाय. बरेच दिवस ठणकत असणार."

"मग ती बोलली का नाही?"

"कुठं दुखतंय, हे त्यांना आता सांगता येत नाही, आजोबा. यापुढे ब्रश नको म्हणाल्या, तर बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसत जा. पण रोज."

प्रभाकरराव बायकोच्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिले. याच तोंडासमोर चमचा धरून ते रोज तिच्यावर ओरडत होते.

औषधांनी सूज उतरली, मग दाढ काढली. जखम भरल्यावर त्यांनी मऊ भात कालवला. "शकू, एवढा घास खा गं."

शकुंतलाबाईंनी घास घेतला, सावकाश चावला आणि पुन्हा तोंड उघडलं. प्रभाकररावांचे डोळे भरून आले. अर्धी वाटी संपल्यावर, कितीतरी दिवसांनी, त्या बोलल्याही.

"तुम्ही फार चांगले आहात हो. पण घरी आमचे हे वाट बघत असतील. मला सोडाल?"

प्रभाकररावांनी पुढचा घास कालवला.

"सोडतो. आधी जेवून घ्या."